मदत हवी आहे : ‘जर्नीज एन्ड’च्या नव्या प्रयोगांतील ध्वनियोजनेविषयी

नमस्कार. आर. सी. शेरिफ यांच्या ‘जर्नीज एन्ड’ या नाटकाच्या पुनरुज्जीवित प्रयोगांवर मी एक टिपण लिहीत आहे आणि त्यासाठी हे प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेल्यांची मदत हवी आहे. पहिल्या महायुद्धात, मार्च 1918 मध्ये, फ्रान्समधील सँ-कॉन्तँजवळच्या खंदकातील एका भुयारी खोलीत, जर्मन हल्ल्याची वाट पाहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे हे नाटक. शेरिफ स्वतः या युद्धात लढले होते आणि 1917 मध्ये बेल्जियममधील पॅशनडेल येथे जखमी झाले होते, त्यामुळे त्यातील जेवणाच्या तक्रारी आणि पोकळ गप्पासुद्धा मला अस्सल वाटतात.

डेव्हिड ग्रिंडली यांनी 2004 मध्ये लंडनमध्ये बसवलेला आणि पुढे ब्रॉडवेवर गेलेला प्रयोग आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय? अखेरच्या तोफांच्या भडिमारात ध्वनी किती वेळ टिकवला होता, तो प्रेक्षागृहात कोणत्या दिशांनी येत होता आणि त्याआधीच्या शांततेत संवाद स्पष्ट ऐकू येत होते का, हे सविस्तर कळवावे. छापील परीक्षणांपेक्षा मला प्रेक्षकांच्या आठवणी अधिक मोलाच्या वाटतात. इतर दिग्दर्शकांच्या प्रयोगांचे अनुभवही अवश्य लिहावेत.