कॅलिफोर्नियाच्या कोर्टात मराठी दुभाषी व्हायचंय, सुरुवात कुठून?

फ्रीमाँटकर
मराठी मातृभाषा, इंग्रजी रोजच्या कामाची. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दुभाषी म्हणून काम करायचं तर कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात? ‘सर्टिफाइड’ आणि ‘रजिस्टर्ड’ यांत फरक काय? आणि तयारी नक्की कशाची करायची?

कोर्टपायरी
सर्टिफाइड हा दर्जा ठरावीक भाषांपुरताच आहे. स्पॅनिश, व्हिएतनामी, आपल्याकडची पंजाबी वगैरे. त्या यादीत मराठी नाही, त्यामुळे तुमची वाट रजिस्टर्डची. आधी लेखी परीक्षा. ती सगळी इंग्रजीत असते: 135 बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 80 टक्के, म्हणजे 108 बरोबर हवेत. भाषा, कोर्टातल्या संज्ञा आणि दुभाष्याची आचारसंहिता, तिन्हींवर प्रश्न येतात. मग बोलण्याची परीक्षा, इंग्रजीची वेगळी आणि आपल्या भाषेची वेगळी. मराठीची सध्या घेतली जाते का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. हिंदी चांगली असेल तर तिचीही परीक्षा द्या. एकट्या मराठीवर घर चालेल इतकं काम मिळत नाही. फेडरल कोर्टाची प्रमाणपत्र परीक्षा सध्या फक्त स्पॅनिशसाठी आहे, तिकडे वेळ घालवू नका.

आपणआम्ही
परीक्षा पास झालेलेही साक्षीच्या वेळी अडखळतात, आणि तेही साध्या शब्दांवर. वकील विचारतो, ‘तुम्ही सही केली नाही?’ साक्षीदार म्हणतो, ‘हो.’ मराठीत त्याचा अर्थ ‘बरोबर, नाही केली’. तुम्ही नुसतं ‘येस’ म्हणालात तर इंग्रजी नोंदीतून कुणीही ‘सही केली’ असा अर्थ काढेल. ‘आपण’ तर तिहेरी आहे: आदरार्थी तुम्ही, समोरच्याला धरून आम्ही, आणि मुंबईच्या बोलीत चक्क मी. ‘परवा’ मागचा की पुढचा हे क्रियापदावरून कळतं, पण साक्षीदार अर्धंच वाक्य बोलतो. ‘मेहुणा’ बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा? अशा वेळी स्वतः ठरवायचं नाही आणि साक्षीदाराशी परस्पर बोलायचंही नाही. न्यायाधीशांना सांगायचं: ‘दुभाष्याला खुलासा विचारण्याची परवानगी हवी आहे.’ स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी, साक्षीदाराचं बोलणं मात्र प्रथम पुरुषी. तो ‘मी पाहिलं’ म्हणाला तर तुम्हीही ‘मी पाहिलं’च म्हणायचं, ‘तो म्हणतो की’ नाही.

फ्रीमाँटकर
आणि ज्याला मराठी शब्दच नाही ते?

कोर्टपायरी
‘नो कॉन्टेस्ट’ घ्या, म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल न करता आरोपाला विरोधही न करण्याचं कोर्टात दिलेलं उत्तर. ‘आरोपाला विरोध करत नाही’ एवढंच म्हणा. ‘गुन्हा कबूल’ म्हणालात तर आरोपीच्या तोंडी तुमचे शब्द गेले. त्याचे परिणाम काय, हे वकिलाने सांगायचं. दुभाष्याने समजावायला घेतलं की तो सल्ला झाला. ‘प्रोबेशन’ला ‘पॅरोल’ म्हणायची चूक तर सर्रास होते. पहिली बहुधा तुरुंगाऐवजी मिळणारी देखरेख, दुसरी तुरुंगातून सुटल्यावरची.

सरावासाठी सर्टिफाइडच्या तोंडी परीक्षेचा साचा वापरा: कागद बघता बघता भाषांतर, 50 शब्दांपर्यंतची उत्तरं ऐकून मग सांगणं, आणि मिनिटाला साधारण 120 शब्दांच्या वेगाचं भाषण चालू असतानाच बोलणं. ऐकताना वहीत वाक्यं लिहू नका. आकडे, तारखा, नावं आणि नकार एवढंच टिपा. थकल्यावर आधी नकारच निसटतो, म्हणून रेकॉर्डिंग परत ऐकताना प्रत्येक ‘नाही’ मोजून बघा.