होडीचं बूड खरवडलं की खरवड पाण्यात का सोडायची?

मांडवीकाठ: १ जूनला मासेमारीबंदी लागेल आणि बुडं साफ करायचं काम सुरू होईल. बरेच जण ओहोटीला होडी वाळूवर कलती करून खरवडतात; पुढची भरती ती खरवड घेऊन जाते. माझा आक्षेप तिच्यातल्या सी स्क्वर्ट या चिकटून वाढणाऱ्या समुद्री प्राण्यावर आहे. जेटीच्या दोरांवर, शिनाण्यांवर (खायच्या शिंपल्यांवर) पिवळट-केशरी बुळबुळीत साय धरलेली दिसते ना, ती निरखून पाहा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील. ते शेवाळ नव्हे, एकाच आवरणात राहणारे शेकडो प्राणी. तुकडा तुटला तरी जगतो आणि चिकटेल तिथे नवी वसाहत करतो. पिल्लं काही तासच पोहतात, म्हणजे हा जीव दूर जातो तो बुडाला चिकटूनच. खरवड गोळा करून उन्हात सुकवावी, एवढीच मागणी.

दर्यावर्दी: एवढीच? मजुरी कोण देणार? आमच्या होड्या मालवण-कारवारपर्यंतच जातात. मुरगावात जगभरची जहाजं येतात, त्यांना आधी विचारा. शिवाय जुलैत मांडवीचं पाणी गोडं होतं, त्यात हे जीव तग धरत नाहीत.

मांडवीकाठ: गोडं पाणी वर राहतं, शेजारच्या जुवारी नदीच्या मुखाशी तळाला खारंच असतं. मुरगावचं मान्य. बॅलास्ट पाण्याचा (जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्याचा) आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे, पण बुडाला चिकटून येणाऱ्या जिवांसाठी आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) फक्त ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तरीही बंदरात उतरलेला जीव तिथून मालवणला नेणार आपणच ना!

शिंपलेवाला: सरसकट शत्रू ठरवू नका. हे प्राणी पाणी गाळूनच जगतात. कॅरिबियन समुद्रातल्या अशाच एका वसाहती जातीतून ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरचं औषध मिळालं. आधी गोव्यातलं नुकसान दाखवा.

मांडवीकाठ: दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. वेल्समधल्या होलीहेडला २००८ मध्ये डिडेम्नम व्हेक्सिलम ही सी स्क्वर्टची जात सापडली. तरंगते धक्के प्लास्टिकात गुंडाळून ती मारली, तरी पुन्हा उगवली. ती जात इथे आहे असं मी म्हणत नाही. पण असा थर चढला की खालच्या शिनाण्या गुदमरतात, आणि त्या काढून पोट भरणारी माणसं आपल्याच गावची आहेत.

दर्यावर्दी: मग सरकारनं जेटीवर उतार बांधावा, खरवड टाकायला टाकी द्यावी. माझी होडी पहिली येईल. त्याआधी दंडाची भाषा केलीत तर मी विरोधातच उभा राहणार.