आफ्रिकेतल्या व्यापारी बाईवर बोलायचं आहे, गुलामांचा भाग गाळू का?

सुरसागरकाठची:
नमस्कार. आमच्या बडोद्याच्या महिला मंडळात दर महिन्याला एकजण इतिहासातल्या कर्तबगार बाईवर बोलते. अहिल्याबाई झाल्या, जमनाबाई महाराणी झाल्या. आता माझी पाळी, आणि मी बिबियाना वाझ निवडली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या काशेऊ बंदराची, सतराव्या शतकातली व्यापारीण. नवरा वारल्यावर धंदा तिनं स्वतः चालवला. परक्या जहाजांशी होणारा व्यापार पोर्तुगीज अधिकारी बंद पाडू लागले, तेव्हा १६८४ साली तिनं आणि तिच्या माणसांनी तिथल्या पोर्तुगीज कप्तानालाच पकडलं आणि त्याच नदीवरच्या फारीम गावातल्या घरात वर्षभराहून जास्त डांबून ठेवलं! काय धाडस!

पण तिच्या मालात मेण, हस्तिदंत होतं तशी माणसंही होती. मंडळातल्या एक ज्येष्ठ ताई म्हणतात, "गुलामांचं गाळ, बायकांना उभारी येईल तेवढंच सांग." मला ते गिळवत नाही. कसं मांडू?

रावपुऱ्याचे काका:
ताई, माझं आयुष्य कापडाच्या पेढीवर गेलं, म्हणून धंद्याच्या बाजूनं सांगतो. बाई इतकी मोठी कशी झाली, ते आधी सांगा. पोर्तुगीज माणूस किनाऱ्यावर उतरला की त्याला ना भाषा येई, ना नदीतल्या वाटा ठाऊक, वर हिवतापाची भीती. स्थानिक बायकोच्या नात्यागोत्याशिवाय त्याला आत कोणी उभं करत नसे. दुभाषी, अडत्या, जामीन, सगळं तीच. पुढे अठराव्या शतकात सेनेगलमधल्या फ्रेंच ठाण्यांत, म्हणजे सेंट लुई आणि गोरे नावाच्या बेटांवर, अशा बायकांना सिन्यार म्हणत. तिथल्या रीतीनं लग्न होई. फ्रेंच नवरा मायदेशी परतला की घर आणि मिळकत बाईकडे आणि मुलांकडे राहत असे. तिथे आपल्या पाँडिचेरीचं निळं कापड चलनासारखं चाले. ते जरूर सांगा, आमच्या लोकांना विषय लगेच जवळचा वाटेल.

अनामिक_इंदूर:
तेव्हा सगळेच गुलाम ठेवत. आजच्या मापानं का मोजायचं? गाळा खुशाल.

सुरसागरकाठची:
काका, फार उपयोगी. पाँडिचेरीचं कापड घेणारच.

अनामिक, सगळे म्हणजे कोण? जी विकली गेली, ती या "सगळ्यांत" धरली का तुम्ही? सिन्यारांच्या घरी धुणं धुणारी, धान्य कांडणारी, होड्या वल्हवणारी माणसं गुलामच होती. त्या वाड्यांत राबणाऱ्या बायकासुद्धा बायकाच होत्या ना? त्यांना वगळून कोणती उभारी देऊ मी?

ग्वाल्हेरची लेक:
ताई, अजिबात गाळू नका. फेंडा लॉरेन्स पण घ्या. गँबिया नदीवरची मोठी व्यापारीण, तीही गुलामांच्या व्यापारातली. १७७२ मध्ये आपले गुलाम घेऊन ती अमेरिकेत जॉर्जियाला गेली. तिथे तिला सरकारकडून लेखी दाखला घ्यावा लागला, की ही काळी बाई स्वतंत्र आहे, हिला फिरू द्या. हिच्या हातून विकली गेलेली माणसं त्याच समुद्रापार होती, आणि त्यांच्याकडे असा कागद नव्हता. श्रोत्यांना मग फार समजवावं लागणार नाही.

सुरसागरकाठची:
फेंडाचं आताच टिपून घेतलं, वाचून सुन्न झाले. ठरलं. आधी काशेऊच्या नदीतून खाली आणलेली माणसं, मग बिबियाना, आणि तिला १६८७ मध्ये अटक करून केप व्हर्देच्या सांतियागो बेटावर नेलं, इथपर्यंत. ज्येष्ठ ताईंना आज संध्याकाळी मीच फोन करते. कोणाकडे काशेऊ ते फारीम नदीचा मराठी नावं असलेला नकाशा आहे का? मला तो फळ्यावर काढायचा आहे.