गिरणगाव फक्त मुंबईपुरतं नव्हतं
एका लेखात गिरणगावाची, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागाची, कहाणी लालबाग-परळ आणि कोकणातला चाकरमानी एवढ्यातच मांडली आहे. कोकणाचा वाटा मोठाच, पण त्यात सोलापूरही हवं. मुंबईचे गिरणीमालक मोरारजी गोकुळदास यांनीच १८७७ साली आमच्याकडे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही कापड गिरणी काढली. गावात ती कायम 'जुनी गिरणी'च. कापूस जवळ आणि रेल्वे १८६० पासून दारात!

तेलंगणातले पद्मशाली विणकर मुंबईच्या गिरण्यांत गेले, तसे इथेही आले. सोलापूरच्या पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू ऐकू येतं, चादर-टॉवेलचे माग चालतात. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर लोअर परळला गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आमच्याही गिरण्या बंद पडल्या, पण माग टिकले. मुंबईच्या इतिहासात या विणकरांना दोन ओळीही मिळत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.