एम.ए. सायकॉलॉजी: माहितीपत्रकातल्या कोणत्या मान्यतेवर विसंबायचं?

चोपडेकर_१२: बहिणीचं बी.ए. सायकॉलॉजी झालंय. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं आहे, म्हणजे बुद्ध्यांकाच्या अहवालावर स्वतःची सही चालली पाहिजे. दोन पर्याय आहेत. एक, आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात साधं एम.ए., कॉलेजला नॅक बी प्लस. दुसरा, परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी'. जळगावात त्यांचं केंद्र आहे, तास फक्त शनिवार-रविवार. पत्रकावर 'यूजीसी मान्य, नॅक ए प्लस, आयएसओ प्रमाणित, आरसीआय मान्यता प्रक्रियेत' असं छापलंय. फी जवळपास पाचपट. कोणता घ्यावा?

सातपुडा_वाचक: भाऊ, पत्रकावरच्या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एकीने दुसरीची भरपाई होत नाही. यूजीसी सांगते की विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे. नॅक संस्थेला श्रेणी देते, एखाद्या अभ्यासक्रमाला नाही. सायकॉलॉजी विभागात एकच शिक्षक असला तरी विद्यापीठाची ए प्लस तशीच राहते. आयएसओचा पदवीच्या मान्यतेशी काही संबंध नाही. सहीसाठी लागते ती आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मधली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच आरसीआय-मान्य पात्रतेवर उभी आहे. आरसीआयच्या १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

'प्रक्रियेत' याचा अर्थ आज मान्यता नाही, एवढाच घ्या. आरसीआयची मंजुरी संस्था, अभ्यासक्रम, कालावधी आणि प्रवेशाच्या जागांची संख्या धरून असते. त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत चारही तपासा आणि मंजुरीच्या पत्राची प्रत मागा. जागा बारा मंजूर आणि प्रवेश तीस दिले, तर वरच्या अठरा जणांची नोंदणी अडकते. पदवीच्या नावात 'क्लिनिकल' हा शब्द आहे म्हणून नोंदणी मिळत नाही.

आणि ते जळगावचं केंद्र. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रं चालवता येत नाहीत. ते 'ऑनलाइन आहे' म्हणाले तरी उपयोग नाही, कारण जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशच बंद केलेत. ही एकच गोष्ट तो पर्याय सोडायला पुरेशी आहे.

तापीकाठ: वरचं बरोबर, पण साधं एम.ए. करून लगेच सही मिळेल असंही समजू नका. एम.ए. ही पायरी आहे. आजवरचा रूढ रस्ता म्हणजे एम.ए.नंतर आरसीआय-मान्य, पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी. त्याला एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. प्राध्यापकपदासाठीच्या नेट-सेट परीक्षांनाही हीच मर्यादा आहे, म्हणून ५३-५४ वर अडकणं फार महागात पडतं. यूजीसीने एम.फिल. बंद केलं, पण क्लिनिकलला २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांची सूट दिली होती. त्यामुळे ताई एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात जातील तेव्हा आरसीआयची त्या वर्षीची अभ्यासक्रमांची यादी बघूनच अर्ज करायचे, साय.डी. (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) सारखे पर्यायही त्याच यादीत शोधायचे. सीनियर काय सांगतात त्यावर जाऊ नका, नियम वर्षा-दोन वर्षांत बदललेत.

आता कॉलेज बघायचं कसं? पदवी विद्यापीठाची मिळते, कॉलेजची नाही, म्हणून बी प्लसने घाबरू नका (ती श्रेणी २.५१ ते २.७५ गुणांची). प्रत्यक्ष जाऊन बघा. एम.ए.ची संलग्नता चालू शैक्षणिक वर्षाची आहे का, पूर्णवेळ नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेले शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. मग प्रयोगशाळेचं कपाट उघडायला सांगा. बिने-कामत आणि भाटिया बॅटरी या बुद्धिमापन चाचण्यांचे संच पूर्ण हवेत. ठोकळे हरवलेले, गुणांकनाची पुस्तिका गायब, असं असेल तर मुलं उतारे पाहून प्रॅक्टिकलची वही भरतात आणि पुढच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडकतात. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात विद्यार्थी पाठवतात का, आठवड्यातून किती तास, हे लेखी विचारा.

चोपडेकर_१२: खूप आभार. पुढेमागे अमेरिकेला जायचं झालं तर ही एम.ए. चालेल का?

सातपुडा_वाचक: शिक्षणाच्या मूल्यांकनासाठी चालते, तिथल्या परवान्यासाठी नाही. तिथे सायकॉलॉजिस्टचा परवाना राज्यागणिक असतो आणि बहुधा डॉक्टरेट लागते. ती एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) मान्यतेची असली तर वाट सोपी होते. विद्यापीठाची मान्यता आणि त्या अभ्यासक्रमाची मान्यता तिथेही वेगळी. एपीएच्या यादीत एखाद्या अभ्यासक्रमापुढे 'अर्ज करण्याचा मानस' असं दिसलं तर ती मान्यता नव्हे. जळगावच्या पत्रकातल्या 'प्रक्रियेत'सारखंच समजा.

तापीकाठ: एक राहिलं. त्या केंद्राला आधी पैसे भरले असतील तर पावती, पत्रक आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा, आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज केंद्राकडे न देता थेट विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. यूजीसीच्या फी परताव्याच्या नियमांत तारखेप्रमाणे कपात वाढत जाते, म्हणून याच आठवड्यात करा.