मदत हवी आहे: फ्रेंचमधलं ‘आले असते’

फ्रेंचची बी२ पातळीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय आणि मी ‘काँदिसिओनेल पासे’मध्ये, म्हणजे ‘केलं असतं’वाल्या रूपात, अडकलेय. रूप बनवता येतं हो. ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या सहायक क्रियापदाचं काँदिसिओनेल, पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे भूतकाळवाचक धातुसाधित. झोरे मांजे, मी खाल्लं असतं. झ सरे व्हन्यु, मी आले असते.

घोळ होतो तो ‘जर’, फ्रेंचमधला ‘सि’, आला की. आपण म्हणतो, ‘माहीत असतं तर आले असते’. दोन्हीकडे ‘असतं-असते’! म्हणून माझ्या हातून हमखास ‘सि झोरे स्यु’ लिहिलं जातं. बरोबर आहे ‘सि झाव्हे स्यु, झ सरे व्हन्यु’, म्हणजे ‘सि’नंतर प्ल्यु-क-पार्फे (पूर्ण भूतकाळ). फ्रेंच पोरांनाही ‘सि’ला ‘रे’ (काँदिसिओनेलचा शेवट) आवडत नाही असं घोकायला लावतात म्हणे. मला पाठ आहे, पण बोलताना मराठीच पुढे येते.

दुसरं, ‘आले असते’मधलं स्त्रीलिंग एत्रबरोबर आपोआप सुचतं, पण आव्ह्वारबरोबर मी ‘चिठ्ठी लिहिली असती’च्या चालीवर तिथेही स्त्रीलिंगाचा ‘ए’ जोडते. तिथे कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच जोडायचा ना?

आणि बातम्यांत ‘ल मिनिस्त्र ओरे देमिसिओने’ म्हणजे ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’ नव्हे, तर ‘दिला म्हणे’, हे परवा कळलं. हा अर्थ संदर्भावरूनच ओळखायचा का?

मराठीतून फ्रेंच शिकलेल्यांनी ‘सि’ची सवय कशी मोडली, सांगाल का? तक्ते नकोत, भरपूर आहेत. बोलताना काय उपयोगी पडलं ते हवंय.