रोम पायी, एकटीने : सुरुवात कुठून करावी?

मांजलपूरची

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रोमला एकटीच जाते आहे, चार पूर्ण दिवस आहेत. व्हिसा, विमा, अहमदाबादहून विमान, तेर्मिनी स्टेशनजवळ खोली, एवढं झालंय. टूरची बस नको, प्राचीन शहर पायीच बघायचंय. त्यासाठी बडोद्याच्या कमाटीबागेत रोज फेऱ्या चालू आहेत.

कुठून सुरुवात केली की तेच रस्ते पुन्हा तुडवावे लागणार नाहीत? कोणती तिकिटं इथूनच काढावी? आपिया या शहराबाहेर जाणाऱ्या प्राचीन रोमन रस्त्यावर एकटीने जाणं बरं का? आणि मी शाकाहारी आहे, अंडं चालतं, मासे नाही.

रावपुराकर

ताई, आधी तिकिटं. कोलोसियमचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावर साधारण ३० दिवस आधी खुलं होतं. साधं तिकीट १८ युरोच्या आसपास असतं आणि त्यातच फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि त्याला लागून असलेली पॅलाटाइन टेकडी येते. तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात, तेव्हा पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला. मधलं नाव गाळलं की तिथे वाद होतो. कोलोसियमची वेळ ठरलेली असते, फोरमला मात्र एकदाच प्रवेश. चहा प्यायला म्हणून बाहेर पडलात की संपलं. मोठी सॅक आणि काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत, आणि सामान ठेवायची सोयही नाही. पॅन्थिऑन या घुमटाच्या प्राचीन देवळालाही आता तिकीट आहे.

आता क्रम. पहिल्या सकाळी थेट कोलोसियमला जाऊ नका, आधी सान क्लेमेंते चर्च बघा. कोलोसियमपासून पाचेक मिनिटांवर आहे. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलात की चौथ्या शतकातलं, आणखी खाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि मिथ्रास देवाचं ठाणं. तळाशी उभं राहिलं की भिंतीआडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. वरचं चर्च फुकट, खालच्या मजल्यांना तिकीट, फोटो काढायला मनाई. हे एक ठिकाण नीट पाहिलं की बाकीचं रोम वाचता येतं, असं माझं ठाम मत आहे. तिबेर नदीच्या पुरांचा गाळ, पडक्या घरांचा राडारोडा आणि त्यावरच पुन्हा बांधकाम, असं शतकानुशतकं चालल्यामुळे प्राचीन जमीन आजच्या रस्त्याच्या कित्येक मीटर खाली गेली. त्राजानचा स्तंभ (इ.स. ११३) खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो तो त्यामुळेच. ज्या भागात इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला, त्या लार्गो आर्जेंतिनाची देवळंही अशीच खाली आहेत.

नंतर फोरम. सान ग्रेगोरियो रस्त्यावरच्या दाराने शिरा, तिथे रांग सहसा कमी असते. आधी पॅलाटाइन चढायची, वरून सगळा पट बघायचा, मग उताराने फोरममध्ये. उलट केलंत तर चढण शेवटी येते, थकल्यावर. सम्राट तीतसच्या कमानीत आतल्या बाजूला जेरुसलेमहून लुटून आणलेला सात फांद्यांचा दीपवृक्ष कोरलाय, तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे सम्राट अंतोनिनस आणि त्याची राणी फाउस्तिना यांच्या देवळासमोर थांबा. खांबांच्या मागे चर्चचं हिरवट दार आहे, पण त्याचा उंबरठा देवळाच्या जमिनीपासून कितीतरी वर, अधांतरी. दार बसवलं तेव्हा जमीनच तिथवर आली होती. खोदकाम नंतर झालं, दार तिथेच राहिलं.

संध्याकाळी कॅपिटोलाइन टेकडीच्या मागच्या कठड्यावरून अख्खा फोरम फुकटात दिसतो. तिथून पॅन्थिऑन, मग नवोना चौक, हे सगळं मिळून आपल्याकडे लहरीपुरा दरवाजा ते पाणीगेट फिरण्याइतकंच समजा. जुनं रोम नकाशावर वाटतं त्यापेक्षा बरंच आटोपशीर आहे.

पॅन्थिऑनला पाऊस असताना गेलात तर उत्तम. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर, त्यात लोखंडी सळई नाही, आणि मधल्या भोकातून पाऊस थेट आत पडतो. फरशीला किंचित उतार आहे आणि मध्ये बारीक छिद्रं, पाणी तिथून जातं.

सूरसागर

रावपुराकरांनी बुटांचं सांगायचं राहू दिलं, म्हणून लिहिते. जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडाच्या छोट्या चिऱ्यांचे आहेत, सिमेंटऐवजी वाळूत बसवलेले. वाहनांच्या धक्क्यांनी चिरे खालीवर होतात, फटी पडतात, घोटा मुरगळतो तो तिथेच. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले सर्वांत पावसाळी महिने आणि ओला चिरा साबणासारखा गुळगुळीत. जाड रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूट घ्या आणि महिनाभर आधी घालून सैल करा. कमाटीबागेतल्या सपाट वाटेवर पावलाची परीक्षा होत नाही. एखाद्या रविवारी चांपानेरच्या दगडी वाटांवर आणि पावागडच्या पायऱ्यांवर तेच बूट घालून चाला, कुठे चावतात ते तिथे कळेल. चाकांची बॅग त्या चिऱ्यांवर चाकं गमावते. पाठीवरची बरी.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे नळ अखंड वाहत असतात आणि ते पिण्याचंच पाणी आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं. बाटली मात्र तोटीखालीच भरा.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, कारण तिथे वाहनं उजवीकडून चालतात. झेब्रा पट्ट्यांवर तुम्ही ठामपणे पाऊल टाकल्याशिवाय कोणी थांबत नाही. नजरानजर करून सरळ चालायचं, मध्येच थबकायचं नाही.

तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रोची अ लाइन खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. पर्स पुढे, मोबाइल हातात नको. मनगटात दोरा बांधायला कोणी पुढे आलं तर हात खिशात घाला आणि चालू लागा.

मांजलपूरची

दोघांचे मनापासून आभार. चांपानेर या रविवारीच. आपिया रस्त्याचं कोणी सांगेल का?

दांडियाबाजार

रविवारी जा. त्या दिवशी जुन्या आपियाचा बराच भाग वाहनांना बंद असतो आणि स्थानिक कुटुंबं सायकली घेऊन येतात, त्यामुळे एकटं वाटत नाही. इतर दिवशी सान सेबास्तियानो दरवाजापासून पुढचा पट्टा पायी चालणाऱ्याने टाळावा : दोन्ही बाजूंना उंच भिंती, फुटपाथ नाही, आणि गाड्या अंगावरून जातात. ११८ नंबरची बस त्या बाजूला जाते. दोमिने क्वो वादिस चर्चपाशी उतरा. तिथे रस्त्याला फाटे फुटतात, दोघांच्या मधलं फाटक सान कालिस्तोच्या भुयारी दफनभूमीच्या आवारात जातं. आतून झाडांची शांत वाट आहे, ती सान सेबास्तियानो चर्चजवळ निघते (दरवाजा वेगळा), तिथेही अशीच भुयारं आहेत. बुधवारी मात्र सान कालिस्तो बंद असतं, आणि सान सेबास्तियानोची भुयारं रविवारी. म्हणजे या दोहोंपैकी रविवारी बघायची तर सान कालिस्तोचीच.

पुढे चेचिलिया मेतेल्लाची गोल कबर ओलांडली की खरी आपिया सुरू होते. रस्त्याचा आरंभ इ.स.पू. ३१२ चा. मोठमोठे बहुकोनी काळे दगड आणि त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. दगडांवरून चालू नका, कडेच्या मातीच्या पट्टीने चाला, गुडघे वाचतात. या भागात नळ विरळ, बाटली भरून न्या. बस कमी आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि त्यानंतर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. दिवे नाहीत, तेव्हा तीनच्या आत परतीला लागा. कोलोसियमची बंद व्हायची वेळही तेव्हा अलीकडे येते.

सूरसागर

जेवणाचं राहिलं. चौकोनी पिझ्झा वजनावर मिळतो, हवा तेवढा तुकडा बोटाने दाखवायचा, कात्रीने कापून देतात. नुसता टोमॅटोचा किंवा बटाटा-रोजमेरीचा मागा. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतंच. भाताचे तळलेले गोळे दिसतात, त्यांच्या सारणात बहुधा खिमा असतो. सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे भोपळ्याच्या फुलांची भजी : आपल्याला वाटतं झालं काम, पण आत चीजबरोबर अँचोव्ही मासा दडपलेला असतो. ‘सेंत्सा अलीची’ (अँचोव्हीशिवाय) सांगून खात्री करा. ज्यू वस्तीतलं अख्खं तळलेलं आर्टिचोक (फुलकळीसारखी भाजी) मात्र निर्धास्त खा, पाकळ्या पापडासारख्या मोडतात. पेकोरिनो चीजमध्ये कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं. ते चालत नसेल तर चीज घातलेला पास्ता सोडा.

कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, बसलात की तीच कॉफी महाग. इथून खाऊ न्यायचा तर भाखरवडी, चिवडा, खाखरा चालेल. पेढे आणि दुधाची मिठाई बॅगेत ठेवू नका, भारतातून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.